सोपा करून दिलेला राजा

थंडी पडली की आमच्या शहराला संस्कृती आठवते. उन्हाळाभर कूलरसमोर पडून राहिलेली माणसं डिसेंबरात एकदम शाली पांघरून बाहेर येतात, चौकाचौकांत महोत्सवांच्या कमानी लागतात आणि ज्याला त्याला आपल्या मातीतल्या कलेचा उमाळा येतो. संक्रांत झाली की तो ओसरतो. परवा स्वेटरसाठी लोकर घ्यायला म्हणून सीताबर्डीला मेट्रोतून उतरले, तर जिन्याच्या भिंतीवर महोत्सवातल्या सिनेमाचं हे भलंमोठं पोस्टर. मुकुट घातलेला एक म्हातारा आकाशाकडे बघतोय आणि खाली लिहिलंय, 'अभिजात संगीत नाटक, आता तुमच्या भाषेत, फक्त नव्वद मिनिटांत.' तो म्हातारा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. एक मुलगी त्याच्याकडे पाठ करून सेल्फी काढत होती. मी लोकर न घेताच हुडकेश्वरला घरी परत आले.

नाटकाचं नाव मी सांगणार नाही. त्याच नावाचा आता सिनेमा आहे आणि त्याची फुकट जाहिरात करायची माझी अजिबात इच्छा नाही. एवढं सांगते, की ते जुन्या वळणाचं संगीत नाटक आहे. एक राजा वेष पालटून आपल्याच नगरीत फिरतो, तहानेने व्याकूळ होतो आणि त्याच्याच प्रजेतलं कोणी त्याला घोटभर पाणी देत नाही. पारशिवनीहून आत आमचं गाव आहे, तिथे हे नाटक दर वर्षी धान निघाल्यावर मंडईच्या जत्रेत होतं. राजा आमचा भाऊ, म्हणजे गोविंदराव. माझ्या लग्नाच्या आधीपासून तोच राजा. दिवसा बांधावर, जत्रेत गादीवर.

त्या दिवसांचा वास अजून माझ्या नाकात आहे. शेताच्या कडेला धानाचे पुंजणे रचलेले, चुरणीची, म्हणजे मळणीची धूळ उडते आहे, भाताच्या ओल्या तणसाचा गोडसर वास आणि त्यात कुठूनतरी उकडलेल्या तुरीच्या शेंगांची वाफ. मी शहरात शिकले, शहरातच कॉलेजात मराठी शिकवलं, निवृत्त झाले; पण दिवाळी सरली की माझं लक्ष लागत नसे. भाऊचा फोन यायचा, 'सुमन, धान निंगालं वं. येजो.' नाटक आहे असं तो कधीच म्हणायचा नाही. धान निघालं म्हणजे नाटक आहे, यात सांगायचं काय?

गेल्या वर्षी मात्र त्याचा फोन वेगळाच आला. 'सुमन, आपल्या नाटकाचा पिच्चर काढून राहिले म्हणते. मुंबईचा पोरगा आला आहे. तुयं नाव सांगतलं मी त्याले. तू मास्तरीण आहेस, पाहून घे जरा.'

मुंबईचा पोरगा म्हणजे दिग्दर्शक अनिकेत. सीताबर्डीतल्या एका हॉटेलात मला भेटायला आला. दाढी राखलेली, पायात कोल्हापुरी, आणि बोलण्यात 'मॅडम, ॲक्च्युअली' हे पालुपद. त्याने सांगितलं, की अभिजात रंगभूमी मरते आहे आणि ती वाचवायची तर नव्या पिढीपर्यंत सोपी करून पोचवायला हवी. मी विचारलं, 'तुम्ही हे नाटक किती वेळा पाहिलंत?' तो म्हणाला, 'पाहिलं नाही, पण स्क्रिप्ट वाचलीय. पदं स्किप केली, ती थोडी हेवी आहेत.' संगीत नाटकातली पदं वगळून वाचणारा हा माणूस संगीत नाटक वाचवायला निघाला होता. पी हळद अन् हो गोरी! मी त्याच्या कॉफीचे पैसेही दिले, कारण मला माझ्या घरी माझ्या माणसांनी असंच शिकवलं आहे.

मला त्याने 'भाषा सल्लागार' हे पद बहाल केलं. काम एवढंच, की राजाच्या मुख्य पदातले अवघड शब्द काढून सोपे घालायचे. त्या पदात 'तृषार्त' असा शब्द आहे. त्याने आधीच त्याच्या जागी 'तहानलेला' घालून पाहिलं होतं आणि ते चालीत बसत नव्हतं, म्हणून त्याला चाल बदलायची होती. मी म्हटलं, चालीत बसत नाही म्हणून चाल बदलायची, मग राजा कपड्यात बसत नाही म्हणून राजा बदलणार का? तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, 'मॅडम, तुम्ही खूप क्यूट आहात.' मला त्या दिवशी कळलं, की या लोकांना आपला राग पोचतच नाही.

आता कोणी म्हणेल, की बाईंचा सिनेमालाच विरोध दिसतो. मुळीच नाही. विरोध करणारे वेगळे होते, आणि त्यांची मला आणखीच किळस आली. आमच्या शहरात जुन्या नाटकांच्या रसिकांचं एक मंडळ आहे. सिनेमाची बातमी छापून आल्यावर या मंडळींनी निषेधाची सभा घेतली. कचोरी होती, चहा होता. एकापाठोपाठ एक गृहस्थ उठून सांगत होते, की पडद्यावर नाट्यसंगीत भ्रष्ट होतं, त्याचं सोवळं जपलं पाहिजे. मी सगळ्यांसमोर विचारलं, की इथून बसने दीड-दोन तासांवर हे नाटक दर वर्षी होतं, तुमच्यापैकी कोण आलं होतं? अध्यक्ष म्हणाले, 'ते खेड्यातले प्रयोग हो, त्यात कुठे शुद्धता असते?' नाकाने कांदे सोलावे ते यांनीच. अनिकेत निदान गावात येऊन चिखल तुडवत तरी होता.

शूटिंग भर दुपारी झालं. नाटक रात्रीचं, पण रात्रीला म्हणे खर्च जास्त. म्हणून जत्रेच्या मैदानात मंडप घातला, त्याला चहूबाजूंनी काळं कापड लावलं आणि आत रात्र केली. बाहेर थंडीतलं गोड ऊन पडलेलं आणि आत आम्ही सगळे घामाघूम. प्रेक्षक म्हणून गावच बसवलं होतं. सगळ्यांना बजावलं होतं, की नव्या कोऱ्या पातळात येऊ नका, 'रिअल' दिसा. ते ऐकून बायकांनी ट्रंकेतली सगळ्यात भारी लुगडी काढली. नाटकाला कोणी कामाच्या कपड्यात येतं का?

पहिल्या ओळीत गिरजाबाई. भाऊची शेजारीण, वयाने त्याच्याहूनही थोडी थोरली, नाटकाला तिची जागा ठरलेली. येताना ती ओच्यात तुरीच्या शेंगा घेऊन आली होती. ध्वनिमुद्रण करणारा माणूस कानावरचं यंत्र काढून ओरडला, की काहीतरी कुडकुड वाजतंय. शोध घेतला तर गिरजाबाई शेंगा सोलत होती. त्याने हात जोडून विनंती केली. गिरजाबाई म्हणाली, 'नाटक पाहाचं अन् हात रिकामा ठेवाचा? थे कसं काय होईन गा?'

अनिकेतला वाटलं, आपला मुद्दा पटवून द्यायला ही बाई बरी आहे. माझ्या देखत, मला ऐकू येईल अशा बेताने त्याने तिला विचारलं, 'आजी, तृषार्त म्हणजे काय, माहितीय का तुम्हाला?'

'नाही मालूम.'

माझ्याकडे विजयी नजर टाकून तो म्हणाला, 'बघा मॅडम. मग आजी, राजा काय गातो ते कळतं कसं तुम्हाला?'

गिरजाबाईने त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं. 'अगा, तो पाणी मांगून राहिला ना! दिसत नाही का तुले?'

मला हसू आवरेना. पण नंतर कितीतरी दिवस मी यावर विचार करत राहिले. समजणं म्हणजे काय, याची या सोपं करणाऱ्यांना एक विलक्षण कोती कल्पना आहे. त्यांना वाटतं, एकेक शब्दाचं टरफल काढून दाणा हातात दिला की समजलं. गिरजाबाईला तो शब्द आयुष्यभर कळला नाही आणि ते पद आयुष्यभर कळलं. पहिल्या वर्षी नुसता सूर कळला असेल, पुढे कधी हावभाव, कधी तिच्या स्वतःच्या संसारातल्या तहानेचं काही. दर हिवाळ्याला थोडं थोडं. समजायला उशीर लागणं हाच त्या नाटकाचा अर्धा आनंद होता. पण वर्षं घालवून समजण्याची चैन आता कोणाला परवडत नाही, आणि ज्यांना परवडत नाही तेच परवडणाऱ्यांना मागासलेले म्हणतात. मला या सगळ्या घाईचा मनापासून तिटकारा आहे.

भाऊने मात्र सिनेमाला हो म्हणताना एकच अट घातली होती. त्याचा आवाज तोवर कुठेच उतरलेला नव्हता. पूर्वी कोणी टेप घेऊन आलं तर तो हाकलून लावायचा, म्हणायचा, 'आयकाचं असन तं धान निंगाल्यावर ये.' पण आता सत्तरी उलटली होती. मला एकदा ओसरीवर बसून तो म्हणाला होता, 'सुमन, मी गेल्यावर पोराइले काय सांगसान? बुढा गात होता म्हणून? आवाज राहिला पाह्यजे वं एखादखेप.' म्हणून अट अशी, की पद तो गाईल आणि त्याचाच आवाज सिनेमात राहील. अनिकेत म्हणाला, 'सर, ऑफ कोर्स! तुमच्या आवाजासाठीच तर आलोय.' दोघांनी माझ्यासमोर हातात हात घेतला. भाऊने ते तिथेच पक्कं मानलं, बोलणं झालं म्हणजे झालं.

मग तो गायला उभा राहिला. काळ्या कापडाच्या त्या खोट्या रात्री, भर दुपारी, अंगावर जरीचा जड अंगरखा, आणि पेटीवाल्याने सूर दिला. मी त्याचं ते पद इतक्या हिवाळ्यांत ऐकलं होतं, पण त्या दिवशी त्याचा आवाज कसा लागला होता, ते मला लिहिता येत नाही. वरच्या सुरावर तो पोचला आणि तिथे नुसता थांबला. कुठेही कसर नाही.

पद संपलं आणि गिरजाबाईने आरोळी ठोकली, 'वन्स मोअर!' तिच्यामागून सगळा मंडप उठला. अनिकेत 'कट, कट' म्हणून ओरडत होता आणि भाऊने पुन्हा पहिल्यापासून पद सुरू केलं होतं.

आमच्या गावचा रिवाज असा, की वन्स मोअर आला की गायचं. नटाने तो नाकारायचा नाही. मेलेला सेनापती एकदा उठून पेटीशेजारी बसला होता, कारण त्याच्या मरणाआधीच्या पदाला वन्स मोअर आला. गाऊन झालं, मग पुन्हा जाऊन मेला. नाटक पुढे न्यायचं की नाही, हे गाव ठरवतं. कॅमेऱ्याला हे कोण सांगणार? अनिकेत धावत रंगमंचावर गेला. 'सर, टेक ओके होता! थांबा ना!'

'वन्स मोअर आला ना गा,' भाऊ म्हणाला.

'अहो पण ते प्रेक्षक नाहीत, ते आर्टिस्ट आहेत!'

भाऊने खाली बसलेल्या गावाकडे पाहिलं. त्याला अनिकेतचं बोलणं खरोखरच कळलं नाही. मग अनिकेतने गावाला समजावलं, की ओरडू नका. गावाने माना डोलावल्या. दुसऱ्या खेपेला भाऊ आणखी चांगला गायला आणि गावाने आणखी जोरात वन्स मोअर दिला. त्या दुपारी हे असंच चाललं. शेवटी अनिकेत डोकं धरून खुर्चीत बसला, आणि ध्वनिमुद्रण करणारा माणूस, ज्याला त्याचं काम लवकर उरकून घरी जायचं होतं, तोच कानाला यंत्र लावून डोळे मिटून ऐकत राहिला.

एक गोष्ट कबूल करायला हवी. मधेच मी कॅमेऱ्याशेजारच्या छोट्या पडद्यापाशी जाऊन उभी राहिले. आमच्याकडे बायका मंडपाच्या डाव्या अंगाला बसतात, त्यामुळे गाणारा भाऊ मी कायम लांबून आणि एका बाजूने पाहिला होता. पडद्यावर त्याचा चेहरा प्रथमच एवढा जवळ दिसला. वरच्या सुराकडे जाताना तो घाबरतो. एवढी वर्षं गाऊनही तो दर वेळी घाबरतो आणि मग जातो. हे मला कोणत्याही मंडपातून दिसलं नसतं. कॅमेऱ्याला हे येतं, आणि हे येत असताना या लोकांनी कॅमेऱ्याकडून जे करून घेतलं, त्यामुळेच तर माझा इतका जळफळाट होतो.

सिनेमा होळीच्या सुमारास नागपुरातल्या एका मॉलमध्ये लागला. भाऊ इस्त्रीचं धोतर नेसून आला होता. राजाचं पद आलं. चेहरा त्याचाच, तो घाबरलेला, जवळून दिसणारा चेहरा. ओठ हलले आणि त्यातून एक वीस-बावीस वर्षांचा गुळगुळीत आवाज बाहेर पडला. मागे गिटार. 'तृषार्त' कापलेलं. चहा गाळून होईल तेवढ्यात पद संपलं आणि राजा घोड्यावर बसून पुढे गेला. बाजूच्या खुर्चीतलं जोडपं मक्याच्या लाह्या खात होतं. मी भाऊकडे बघायचं टाळलं. बाहेर पडल्यावर तो म्हणाला, 'थंडी लय ठेवतात वं थेटरात.' आणि पारशिवनीच्या गाडीत जाऊन बसला.

मी अनिकेतला फोन लावला. तो अजिबात गडबडला नाही. म्हणाला, 'मॅडम, आम्ही काही लोकांना दाखवून पाहिलं. यंग ऑडियन्सला तो आवाज रिलेट होत नव्हता. सरांचं ॲक्टिंग आहे ना पूर्ण!'

'ठीक आहे,' मी म्हटलं, 'मग त्या दुपारी जे उतरवून घेतलंत ते आम्हाला द्या. ते तरी राहील.'

'ते तर गाईड ट्रॅक होते मॅडम, डबिंगच्या अंदाजापुरते. पुढच्या प्रोजेक्टला डिस्क लागते, आम्ही रिकामी करतो.'

रिकामी करतो. भांडी घासून पालथी घालावीत तसं त्याने सांगितलं. दुष्टपणाने केलं असतं तर मी त्याला शिव्या तरी दिल्या असत्या. आपण काही केलं आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले, रागाने.

पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत भाऊला खोकला धरला. खोकला गेला, पण जाताना आवाज घेऊन गेला. फोनवर बोलला तेव्हा मला क्षणभर वाटलं, दुसरंच कोणी बोलतंय. 'वरचा सूर लागत नाही सुमन आता,' तो म्हणाला. 'गेल्या सालची दुपार शेवटची झाली म्हणाव.' म्हणजे त्याचा तो आवाज, त्याच्या उमेदीतल्यापेक्षाही मोठा झालेला, शेवटचा म्हणून जो लागला, तो यंत्रात शिरला होता आणि पुसला गेला होता. जगात तो आता त्या दुपारी मंडपात बसलेल्यांच्या कानांतच आहे, आणि ते कानही म्हातारे होत चालले आहेत.

या वर्षी धान निघालं. भाऊचा फोन आला नाही. शेवटी मीच केला, तर कळलं, की मंडईच्या कमिटीतल्या तरुण मुलांनी ठरवलंय, या साली नाटक करायचं नाही. मैदानात पडदा लावून सिनेमाच दाखवायचा. 'बरं आहे थे,' भाऊ म्हणाला. 'नाटकाले दहा मान्सं लागतात. पिच्चरले एक वायर लावली का झालं.' त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, म्हणून मला जास्त झोंबलं. सोपं करून देतो, सोपं करून देतो म्हणत आले, आणि सगळ्यात सोपं काय झालं, तर नाटक बंद पडणं.

मी गेले. दिवेलागण झाली होती. तणसावर सतरंज्या टाकलेल्या, बायका आपल्या डाव्या अंगाला, गिरजाबाई पहिल्या ओळीत. प्रमुख पाहुणा अनिकेत. त्याला शाल दिली, नारळ दिला, त्याने छातीवर हात ठेवून मातीला वंदन केलं. सोबत त्याने एक कॅमेरावालाही आणला होता, गाव आपला सिनेमा बघतंय हे टिपायला. सिनेमा सुरू झाला. लोकांनी बघितला. आपापली माणसं पडद्यावर दिसली की हसले, एकमेकांना कोपरं मारली. मग राजाचं पद आलं, गुळगुळीत आवाज वाजला आणि संपला. मैदानात कोणी हूं की चूं केलं नाही. शेंगा सोलल्याचा आवाज तेवढा येत होता.

अनिकेतने हात वर करून सिनेमा थांबवायला लावला. पडद्यावर राजा घोड्यावर चढता चढता अडकला. कॅमेरावाल्याला त्याने गावाकडे वळवलं आणि लाडात येऊन म्हणाला, 'अरे, काय हे! तुमचं ते वन्स मोअर कुठे गेलं? एकदा जोरात द्या ना सगळ्यांनी. खूप ऑथेंटिक वाटतं ते!'

गिरजाबाईने पडद्याकडे बोट दाखवलं. 'वन्स मोअर देल्ला, तं तो गाईन का पुन्ना?'

'नाही आजी,' अनिकेत हसला, 'तो सिनेमा आहे.'

'मंग काहून ओरडू?'

गावही हसलं. अनिकेतही हसला, कारण आपल्यावर हसताहेत हे त्याला कळलं नव्हतं. मग तो भाऊकडे वळला. 'सर, तुम्ही तरी सांगा ना यांना.'

भाऊ उठला. गुडघ्यावर हात ठेवून, हळू. मला वाटलं, आता हा याला चार शब्द सुनावणार, आणि देवाशप्पथ, मी त्या चार शब्दांची वर्षभर वाट पाहत होते. पण भाऊ त्याच्या शेजारून निघून गेला. पेटीवाला गर्दीत मागे बसला होता, त्याला खूण केली. पेटी त्याच्या घरून आणायला थोडा वेळ लागला. तोवर भाऊ पडद्याच्या पुढ्यात उभा राहिला, अंगावर साधी बंडी, मागे अडकलेला राजा. कॅमेरावाल्याने कॅमेरा त्याच्यावर धरला तसा भाऊ म्हणाला, 'थे बंद कर गा.' आवाज कसाबसा निघाला, पण कॅमेरा खाली गेला. माझ्याही पिशवीत मोबाइल होता. आवाज राहिला पाहिजे म्हणून वर्षभर जीव टाकणारी मी, माझा हात पिशवीपर्यंत गेला आणि मी तो परत घेतला. त्याने नको म्हटलं होतं.

भाऊ गायला. खाली खाली ठीक होतं. मधे मधे श्वास तुटत होता. 'तृषार्त' त्याने सगळंच्या सगळं म्हटलं. वरच्या सुरापाशी तो आला, घाबरला, आणि गेला. सूर तिथे नव्हता. कोरडा, फाटका काहीतरी आवाज निघाला आणि विरला. त्याने तो सुधारायचा प्रयत्न केला नाही. पद शेवटापर्यंत नेलं आणि थांबला.

गाव गप्प. सगळ्यांना त्याची दया आली होती. इतक्या वर्षांत प्रथमच गावाने त्याच्याकडे काही मागितलं नाही. आणि भाऊ उभाच. मला माझ्या भावाचं उभं राहणं कळतं. तो वाट बघत होता.

गिरजाबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, 'बस गा गोविंदा आता. दमला असशीन.'

'मी कोठी दमलो?' भाऊ म्हणाला.

तरी कोणी बोलेना. मी आयुष्यभर बायकांच्या बाजूला पदर सावरून, ताल बोटांवर मोजत बसत आले. ओरडणं मला कधी शोभेलसं वाटलं नाही. त्या संध्याकाळी मी उठून उभी राहिले आणि जेवढा दम होता तेवढ्याने ओरडले, 'वन्स मोअर!'

भाऊने पेटीवाल्याकडे पाहून मान हलवली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.